निकष-तक्त्याचे प्रशिक्षण वहीपासून सुरू करावे : एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील शिक्षक-प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, प्रशिक्षणाचे घटकसंच (मॉड्यूल) लिहिणारे तज्ज्ञ आणि जिल्हा व तालुका पातळीवर प्रशिक्षण देणारे सर्व सुलभक

विषय : ऑनलाइन साधनांच्या मदतीने वर्गासाठी रूब्रिक (मुलांचे काम कोणत्या निकषांवर कसे पारखायचे ते सांगणारा तक्ता) तयार करण्याच्या प्रशिक्षणाबाबत

महोदय / महोदया,

मी वऱ्हाडातील एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी आणि सामाजिक शास्त्रे शिकवणारा पदवीधर शिक्षक आहे. नोकरीच्या १९ वर्षांत मूल्यमापनावरची इतकी प्रशिक्षणे झाली की त्यांत मिळालेल्या कापडी पिशव्या आता घरी भाजी आणायला चालू आहेत. हे थोडे चेष्टेने लिहिले असले, तरी प्रशिक्षणे नकोत असे मला म्हणायचे नाही. रूब्रिक कसे करावे आणि त्यासाठी ऑनलाइन साधने कशी वापरावीत, हे शिक्षकांना शिकवले गेलेच पाहिजे. मात्र ते आज ज्या क्रमाने शिकवले जाते, म्हणजे आधी संकेतस्थळ, मग बटणे, मग तक्ता आणि जमल्यास शेवटी वर्ग, तो क्रम उलटा आहे. तो सुलट करावा, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र आहे.

रूब्रिकला आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आम्ही निकष-तक्ता म्हणतो. पुढे तोच शब्द वापरतो. पडताळासूची आणि पदनिश्चयन श्रेणी ही दोन नावे आपण सर्वांनीच बी.एड.ला पाठ केली आहेत. पडताळासूची ‘आहे की नाही’ एवढेच विचारते. पदनिश्चयन श्रेणी ‘किती आहे’ ते विचारते, पण त्या ‘किती’चा अर्थ भरणाऱ्याच्या मनातच राहतो. निकष-तक्ता याच्या पुढे जातो : डावीकडे निकष, वरच्या ओळीत स्तर, आणि प्रत्येक चौकटीत त्या स्तराचे काम प्रत्यक्ष वहीत कसे दिसते याचे वर्णन. चौकटीतले ते वाक्य हाच तक्त्याचा जीव. त्या जागी नुसते ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘बरे’ भरले, तर तक्ता दिसतो निकष-तक्त्यासारखा आणि वागतो जुन्या पदनिश्चयन श्रेणीसारखा. (जाता जाता : रूब्रिक हा शब्द लॅटिनमधील तांबड्या रंगाच्या शब्दावरून आला आहे, कारण हस्तलिखितांतील मथळे तांबड्या शाईने लिहीत. आपल्याकडच्या पोथ्यांतही मथळे आणि दंड (वाक्य संपल्याच्या उभ्या रेघा) तांबड्या शाईने लिहिण्याची रीत होती. तांबड्या शाईशी आम्हा मास्तरांचे नाते त्यामानाने अलीकडचे.)

अशा एका प्रशिक्षणात काय घडले ते सांगतो. एका सभागृहात आम्ही ऐंशी-नव्वद जण बसलो होतो. पडद्यावर एक इंग्रजी संकेतस्थळ उघडले गेले. त्यात विषय निवडायचा, तयार यादीतून निकष निवडायचे, की एका मिनिटात चार ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता हजर. टाळ्याही पडल्या. मग प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर तसेच करून पाहायचे होते. सभागृहात नेटवर्क एका खिडकीपाशी येत होते, त्यामुळे खिडकीपाशी गर्दी झाली. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यांनी वृक्षारोपणाच्या प्रकल्पासाठी तक्ता केला आणि त्यातील सादरीकरणाच्या ओळीत ‘अतिशय आकर्षक’, ‘आकर्षक’, ‘काहीसे आकर्षक’, ‘आकर्षक नाही’ असे चार शब्दप्रयोग भरले. कोणाही सुशिक्षित माणसाने भरले असते तसेच. रोप जगले की नाही, मुलांनी पाणी घालण्याच्या पाळ्या कशा लावल्या, मेलेल्या रोपाचे कारण कोणी शोधले का, यांतले त्या तक्त्यात काहीच नव्हते. तक्त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप गटावर गेला, उपस्थितीची लिंक भरली गेली आणि आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वर्गात तो तक्ता कोणी उघडला असेल असे मला वाटत नाही. मी तरी उघडला नाही.

यात सुलभकांचा दोष नव्हता. त्यांना दिलेल्या घटकसंचात संकेतस्थळाच्या पडद्याची आठ-दहा छायाचित्रे होती. मुलाच्या हातचे एकही पान नव्हते. ज्यावरून पारख करायची ती वस्तूच समोर नसेल, तर माणूस विशेषणेच लिहिणार.

हे नवे नाही, हेही मान्य केले पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २९मुळे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने ते आपल्या वर्गांत पोहोचले. वर्षभर वर्गात शिकवतानाच चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला पहिली-दुसरीत ७० टक्के, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४० टक्के भार मिळाला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांपैकी योग्य ती साधने-तंत्रे निवडण्याचे स्वातंत्र्यही शिक्षकाला मिळाले. म्हणजे मुलाच्या श्रेणीचा मोठा हिस्सा शिक्षकाच्या पारखीवर सोपवला गेला. ती पारख घडवायची कशी, हे मात्र मागे राहिले. ९१ ते १०० टक्क्यांना अ-१ हे आम्हाला झोपेतही सांगता येते. पण सहावीच्या मुलीने लिहिलेल्या वर्णनाला दहापैकी नऊ द्यायचे ते नेमके कशासाठी, हे एका शाळेतले दोन शिक्षकही एकसारखे सांगत नाहीत.

त्याचा परिणाम प्रगतीपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदींत दिसतो. ‘विशेष प्रगती’, ‘आवड / छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या तीन रकान्यांत काय लिहायचे याच्या तयार पीडीएफ वर्षानुवर्षे फिरत आहेत. ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य राज्यातल्या किती मुलांच्या नावे लिहिले गेले असेल याचा अंदाज करवत नाही. मीही ते लिहिले आहे, एकदा तर सत्रभर गैरहजर असलेल्या मुलाच्या नावापुढे. म्हणून तयार निकष-तक्त्यांची ऑनलाइन पेढी उघडावी, ही सूचना कोणी केली की मला त्या पीडीएफ आठवतात. पेढीला माझा विरोध नाही. पण स्वतःचा एक तरी तक्ता वर्गात वापरून, मोडून, पुन्हा जोडून पाहिल्याखेरीज दुसऱ्याचा तक्ता वाचताच येत नाही, तो फक्त उतरवता येतो.

परीक्षक बदलला की गुण बदलतात, हा अनुभव आपल्याकडच्याच शिक्षकांचा नाही. १९६१ साली अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेसाठी पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतील ५३ जाणकार वाचकांना दिले आणि कोणतेही निकष न सांगता त्यांची ९ श्रेणींत विभागणी करायला सांगितले. ३००पैकी १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या आणि पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध निघाला नाही. हे वाचक आळशी किंवा अजाण नव्हते. प्रत्येक जण निबंधात वेगळे काही शोधत होता. कोणी विचार शोधत होता, कोणी रचना, कोणी व्याकरण, कोणी लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर. निकष-तक्त्याची गरज इथे सुरू होते. ती गरज शिक्षकाला स्वतःच्या अनुभवातून पटण्याआधी त्याच्या हाती साधन दिले, तर ते त्याला आणखी एक भरायचा नमुना वाटते.

ही गरज आम्हाला कशी पटली ते सांगतो, कारण आपल्या आखणीत उपयोगी पडेल असे काही असेल तर ते यातच आहे. आमच्या केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत ११ शिक्षक होते. सहावीच्या मुलांनी ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’ या विषयावर लिहिलेली सहा वर्णने मी नावे झाकून नेली होती. त्यांची छायाचित्रे सर्वांच्या मोबाइलवर पाठवली आणि प्रत्येकाने कोणाशी न बोलता दहापैकी गुण एका गूगल फॉर्ममध्ये भरले. फॉर्ममधल्या ‘सारांश’च्या पानावर पट्ट्या उमटतात, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या पट्ट्या पाहून क्षणभर कोणी बोलले नाही. एकाच वर्णनाला ४ पासून ९ पर्यंत गुण पडले होते.

ते वर्णन होते एका मुलीचे. तिची आई बाजारात वांगी आणि मिरच्या विकायला बसते. तिने लिहिले होते : ‘मायनं पयले भाव सांगतला. गिऱ्हाईक हासलं अन् दोन पावलं पुढं गेलं. मंग मायनं हाक नाई मारली, नुसत्या वांग्यावर पाणी शिंपडलं. गिऱ्हाईक वापस आलं.’ चार गुण देणाऱ्या सरांचे म्हणणे होते की भाषा अशुद्ध आहे, परिच्छेद नाहीत, समारोप नाही. नऊ गुण देणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘सर, त्या पाण्यानं वांगी चमकतात, हे तिनं न सांगता सांगितलं.’ याउलट दुसऱ्या एका वर्णनाची सुरुवात ‘बाजार हा ग्रामीण जीवनाचा आरसा आहे’ अशी होती. अक्षर सुरेख, परिच्छेद चार, समारोप व्यवस्थित. त्याला बहुतेकांनी आठ-नऊ गुण दिले होते. नंतर कोणाच्या तरी लक्षात आले की तो निबंध गाइडमधला आहे आणि त्यात आमच्या गावच्या बाजारातली एकही गोष्ट नाही. आमच्याकडे बाजार बुधवारी शाळेच्या कुंपणाला लागून भरतो, हेसुद्धा नाही.

मग आम्ही चौकटी लिहायला बसलो. पहिल्या प्रयत्नात ‘वर्णन’ या निकषापुढे ‘अतिशय प्रभावी’, ‘प्रभावी’, ‘काहीसे प्रभावी’ असेच आले. समोर वह्या असल्यामुळे ते टिकले नाही. ‘प्रभावी म्हणजे यातले कोणते वाक्य?’ असे विचारले की उत्तर द्यावे लागे. दुसऱ्या प्रयत्नात ‘पाहिलेल्या किमान पाच गोष्टी येतात’ असे लिहिले. मोजायला सोपे, पण त्या हिशेबाने भाज्यांची नुसती यादी देणारा मुलगा पहिला आला असता. तिसऱ्या प्रयत्नात जे उतरले ते असे होते. चौथा स्तर : ‘लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टी अशा येतात की हा बाजार कोणता ते वाचणाऱ्याला ओळखता येईल.’ तिसरा : ‘स्वतः पाहिलेल्या काही गोष्टी येतात, पण बरीचशी वाक्ये कोणत्याही बाजाराला लागू पडतील.’ दुसरा : ‘बाजारातल्या वस्तूंची किंवा माणसांची यादी आहे, पाहणारा कुठे दिसत नाही.’ पहिला : ‘विषयाला धरून एक-दोन वाक्ये आहेत, किंवा पाठ केलेला मजकूर उतरवला आहे.’ एवढ्या चार वाक्यांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मूल्यमापनाबद्दल मी जे शिकलो ते त्याआधीच्या अनेक प्रशिक्षणांत शिकलो नव्हतो, आणि त्या वेळेत कोणाच्या हातात कोणतेही साधन नव्हते. साधन आधी आले होते, आमच्यातले मतभेद उघडे करायला, आणि नंतर आले, ठरलेले वाक्य जपून ठेवायला.

बोलीचा प्रश्न तिथेच निघाला आणि तो घटकसंचात स्वतंत्रपणे यायला हवा, असे मला वाटते. ‘शुद्ध भाषा’ हा निकष तयार संकेतस्थळावरच्या इंग्रजी यादीतून भाषांतरित होऊन आला की वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलाचे गुण दोनदा कापले जातात : एकदा त्या निकषात, आणि पुन्हा बाकीच्या निकषांत, कारण वाचणाऱ्याचे मन आधीच कलुषित झालेले असते. आम्ही लेखननियमांचा निकष वेगळा काढला, त्याचा भार कमी ठेवला आणि संवादात किंवा घरच्या माणसांच्या तोंडी आलेली बोली चूक धरायची नाही, असे तक्त्याखाली एका ओळीत लिहिले. हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. चार गुण देणाऱ्या सरांनी मुलीचे गुण वाढवून सहा केले, त्यापुढे ते गेले नाहीत. पण आता ते सहा कशासाठी आणि उरलेले चार का नाहीत, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही सांगता येत होते.

आता ऑनलाइन साधनांकडे येतो. गूगल क्लासरूममध्ये निकष-तक्ता करण्याची सोय आहे. त्यात एका तक्त्यात ५० निकष आणि एका निकषाला १० स्तरांपर्यंत मुभा आहे. प्रशिक्षणात हे आकडे कौतुकाने सांगितले जातात. साधनाची मुभा म्हणजे सल्ला नव्हे, हे त्याबरोबर सांगितले जात नाही. सहावीच्या वर्गासाठी तीन निकष आणि चार स्तर पुरे होतात, आणि पहिली-दुसरीसाठी तीनच स्तर बरे. शिवाय क्लासरूममध्ये नवा तक्ता तयार करायला संगणकावरचा ब्राउझर लागतो, मोबाइलच्या ॲपमध्ये तो करता येत नाही. आणि आमच्यासारख्या शाळांत काम चालते ते शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर. म्हणून आपण शिकवायचे ठरवाल ते आधी मोबाइलवर करून पाहावे, अशी नम्र सूचना आहे.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली साधने अगदी साधी आहेत. एक, वर सांगितलेला गूगल फॉर्म. त्यात ‘एकाधिक निवड ग्रिड’सारखा प्रश्नप्रकार असतो, ज्यात ओळींत निकष आणि रकान्यांत स्तर टाकले की तोच फॉर्म निकष-तक्त्याची उत्तरपत्रिका होतो, अकरा शिक्षकांची अकरा मते कोणत्या निकषावर जुळली आणि कोणत्यावर फाटली, ते तिथल्या तिथे दिसते. ज्या निकषावर मते फाटली त्याची वाक्ये पुन्हा लिहायची, हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन, सर्वांना संपादित करता येईल असे गूगल शीट. त्यात चौकटीवर टिप्पणी टाकता येते आणि जुन्या आवृत्त्या शिल्लक राहतात, त्यामुळे ‘प्रभावी’पासून ‘ओळखता येईल’पर्यंतचा प्रवास नव्या शिक्षकाला दाखवता येतो. तयार तक्त्यापेक्षा तो खोडाखोडीचा इतिहास जास्त शिकवतो. तीन, बोलून टंकलेखन. गावाकडच्या अनेक शिक्षकांना मराठी टंकता येत नाही असे म्हणतात. जीबोर्ड या मोबाइलच्या कळफलकाला मराठीत सांगितले की ते लिहिते, आणि थोडी डागडुजी केली की वाक्य तयार होते. त्याच्याशी जोडलेली एक जुनी अडचण आहे : आपल्या शाळांतील पूर्वीच्या नोंदी, प्रश्नपत्रिका आणि नमुने कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत, ते ऑनलाइन साधनात टाकले की अक्षरांची खिचडी होते. युनिकोड म्हणजे काय आणि जुना मजकूर त्यात कसा आणायचा, यासाठी प्रशिक्षणातला अर्धा तास राखून ठेवला, तर तो पुढे वर्षभर पुरेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही मला अर्धीच पटतात. चॅटजीपीटीसारख्या साधनाला ‘सहावीसाठी वर्णनात्मक लेखनाचे रूब्रिक दे’ म्हटले की अर्ध्या मिनिटात तक्ता मिळतो, त्यामुळे हे सगळे शिकायची गरजच संपली, असे काही जण म्हणतात. मी तो मागवून पाहिला. त्यात ‘विद्यार्थी विषयाची सखोल समज प्रदर्शित करतो’ अशा धाटणीची वाक्ये होती. हे मराठी आहे असे म्हणायला हरकत नाही, पण माझ्या शाळेत असे कोणी बोलत नाही. आणि त्या वाक्यावर आमच्या सहा वह्यांपैकी एकही बसवता आली नाही. मात्र आमचा स्वतःचा तक्ता त्याला देऊन ‘दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरात कुठे गोंधळ होईल ते दाखव’ असे विचारले, तेव्हा त्याने एक खरी अडचण दाखवली : यादीही आहे आणि एखादी पाहिलेली गोष्टही आहे, अशी वही कुठे बसवायची, हे आम्ही ठरवलेच नव्हते. तेव्हा प्रशिक्षणात हे साधन जरूर यावे, पण तक्ता लिहून देणारा कारकून म्हणून नव्हे, तर तक्त्यात खोट काढणारा सहकारी म्हणून. एक सराव मी सुचवतो : साधनाने दिलेला तक्ता गटाला द्यावा, तीन वह्या द्याव्यात, आणि प्रत्येक चौकटीतले जे वाक्य कोणत्याही वहीवर बोट ठेवून दाखवता येत नाही ते खोडायला सांगावे. शेवटी किती वाक्ये उरतात ते शिक्षकांनी स्वतःच पाहावे.

मुलांच्या वह्यांची छायाचित्रे अशा साधनांत टाकताना काळजी घेण्याचा मुद्दा आजवरच्या कोणत्याही सत्रात मी ऐकलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. वहीवरचे नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचे नाव झाकून छायाचित्र काढणे ही पाच सेकंदांची सवय आहे. ती पहिल्याच दिवशी लावावी. त्या बाजाराच्या वर्णनात मुलीने आईचे नाव लिहिले होते. तेही आम्ही झाकले.

प्रत्येक गोष्टीला निकष-तक्ता लागत नाही, हेही शिकवावे लागेल. नाहीतर उत्साहाच्या भरात पाढ्यांचाही तक्ता मागितला जाईल. पाढे येतात किंवा येत नाहीत. श्रुतलेखनात चुका मोजता येतात. नकाशात दिशा दाखवली की नाही, याला पडताळासूची पुरते. जिथे एकाच प्रश्नाची चांगली उत्तरे अनेक प्रकारची असू शकतात तिथे तक्ता कामाचा : लेखन, प्रकल्प, प्रयोगाची मांडणी, गटचर्चा, प्रकट वाचन. द्विशिक्षकी शाळेतल्या बाई दोन-तीन वर्ग आणि सगळे विषय सांभाळतात, शिवाय पोषण आहाराचा हिशेब ठेवतात आणि यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरतात. त्यांच्याकडून विषयवार आणि तंत्रवार तक्ते मागितले, तर त्या ते कुठून तरी उतरवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. एका शैक्षणिक सत्राला दोन तक्ते, तेही मुलांच्या हाती दिलेले, एवढे मागावे.

‘मुलांच्या हाती’ हे मी मुद्दाम लिहिले. आमचा तक्ता मी सहावीच्या वर्गात वाचून दाखवला आणि तुमच्या शब्दांत लिहा, असे सांगितले. दुसऱ्या स्तरासाठी एका मुलाने लिहिले, ‘यादी हाय, बजार नाई.’ आमच्या पाऊण तासाच्या खटपटीपेक्षा ते चांगले होते. आता तक्त्यात तेच आहे. पुढच्या लेखनाआधी मुलांनी एकमेकांच्या वह्या त्या तक्त्यावर लावून पाहिल्या, आणि ‘सर, ह्याची यादी हाय’ अशी तक्रार आली की तक्रार करणाऱ्यालाच मी विचारत असे, की मग यात बाजार आणायला एक वाक्य कोणते टाकशील? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतीपत्रकाच्या कल्पनेत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. ते करायला मुलांना समजेल अशा भाषेतला तक्ता आधी हवा.

आता प्रशिक्षणाच्या रचनेविषयी. त्याच धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास करावा, असे म्हटले आहे. हे तास आज बहुधा चित्रफीत पाहून आणि शेवटची प्रश्नावली सोडवून भरले जातात. दीक्षासारख्या सरकारी ऑनलाइन मंचावर घरी बसून शिकता येते ही मोठी सोय आहे आणि ती राहावी. पण निकष-तक्त्याचे तास मोजायचे असतील, तर पुरावा म्हणून प्रमाणपत्र नव्हे, तर शिक्षकाने केलेला एक तक्ता, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यातला फरक, आणि त्या तक्त्यावर लावलेल्या, नाव झाकलेल्या दोन वह्या मागाव्यात. ऐंशी जणांचे एक दिवसाचे सत्र घेण्यापेक्षा विषयवार तीस-पस्तीस जणांची दोन अर्धी सत्रे घ्यावीत आणि मध्ये तीन आठवडे ठेवावेत, म्हणजे शिक्षक दुसऱ्या सत्राला वर्गात मोडलेला तक्ता घेऊन येतील. मोडलेला तक्ता आणणाऱ्याला सुलभकाने चूक काढल्यासारखे वागवू नये. तोच त्या दिवसाचा धडा असतो. पहिल्या सत्राला येण्याच्या सूचनेत ‘चार्ज केलेला मोबाइल आणावा’ असे असते, त्याच ओळीत ‘आपल्या वर्गातील तीन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वह्या आणाव्यात’ असे जोडावे. याला खर्च नाही.

गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी नमुने वेगळे लागतील, ते त्या विषयांच्या शिक्षकांनी लिहावेत. मी मराठीचाच आहे.

आपल्या घटकसंचासाठी उपयोग होत असेल, तर आमच्या केंद्राचे गूगल शीट, सर्व जुन्या मसुद्यांसह, आणि नावे झाकलेल्या वह्या, पालकांची संमती घेऊन, द्यायला मी तयार आहे. त्या तक्त्यातला ‘क्रम आणि मांडणी’ हा निकष अजून आम्हाला नीट लिहिता आलेला नाही. त्या मुलीच्या वर्णनात परिच्छेद नाहीत, तरीही गिऱ्हाईक परत येईपर्यंत वाचणारा थांबत नाही, आणि हे चौकटीत कसे मांडावे याचे वाक्य सापडत नाही. आपल्यापैकी कोणाला ते सुचले, तर आधी ते कळवावे.

आपला,
एक पदवीधर शिक्षक
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, वऱ्हाड